यांकीज, रेड सॉक्स आणि ऑक्टोबरचे बेसबॉल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगी बॉस्टनला शिकायला आणि भाचा न्यू जर्सीत नोकरीला, अशी घरे आता पुण्या-मुंबईत काही कमी नाहीत. ऑक्टोबर उजाडला की या दोघांचे व्हिडिओ कॉलवरचे बोलणे अचानक तिरकस होते आणि इकडच्या मंडळींना त्यातले काही कळत नाही. अशा मंडळींकडून नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मुख्य भर न्यूयॉर्क यांकीज आणि बॉस्टन रेड सॉक्स या जोडीवर आहे.

ऑक्टोबरमध्ये नेमके काय होते?

मेजर लीग बेसबॉलमधील प्रत्येक संघ मार्चअखेरपासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत १६२ सामने खेळतो. त्यातून २०२२ पासूनच्या रचनेनुसार अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग या तिच्या दोन शाखांतून प्रत्येकी सहा असे बारा संघ पुढे जातात, आणि मग तीनपैकी दोन, पाचपैकी तीन, सातपैकी चार अशा मालिका जिंकत दोन्ही लीगचे विजेते वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत भेटतात. सहा महिने रोज खेळणाऱ्या माणसाला एका सामन्यातील पराभवाचे फारसे काही वाटत नाही, कारण उद्या पुन्हा सामना असतोच. ऑक्टोबरच्या या बाद फेऱ्यांत, म्हणजे प्लेऑफमध्ये, हा ‘उद्या’ हिरावला जातो, आणि एरवी शेंगदाणे सोलत गप्पा मारणारा प्रेक्षक नखे कुरतडू लागतो.

या दोन संघांचे वैर कधीपासूनचे आहे?

सर्वसाधारण उत्तर आहे : बेब रूथ या खेळाडूला विकले तेव्हापासून. १९१८ पर्यंत रेड सॉक्स हा अमेरिकन लीगमधील सर्वांत यशस्वी संघ होता. १९०३, १९१२, १९१५, १९१६ आणि १९१८ अशा पाच वर्ल्ड सिरीज त्याने जिंकल्या होत्या, तर यांकीजच्या नावावर एकही नव्हती. १९१९ च्या डिसेंबरअखेरीस रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी रूथला एक लाख डॉलरला यांकीजकडे सोपवण्याचा करार केला आणि जानेवारी १९२० मध्ये तो जाहीर झाला. या व्यवहाराबरोबर यांकीजच्या मालकांनी फ्रेझी यांना मोठे कर्जही दिले आणि त्यासाठी फेनवे पार्क हे मैदानच तारण म्हणून घेतले. ही गोष्ट मला रूथच्या विक्रीहूनही बोलकी वाटते, कारण आपल्या घराची कागदपत्रे शेजाऱ्याच्या कपाटात ठेवून त्याच्याशी स्पर्धा करणे म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

१९१९ मध्ये बॉस्टनसाठी २९ होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे, बहुधा कुंपणापलीकडे जाणारे फटके) मारणाऱ्या रूथने पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कसाठी ५४ मारले. १९२३ मध्ये यांकीजने पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली आणि २००० सालापर्यंत त्यांच्या खात्यात २६ विजेतेपदे जमा झाली. याच काळात रेड सॉक्सच्या खात्यात एकाही विजेतेपदाची भर पडली नाही. त्यातूनच रूथच्या शापाची आख्यायिका रुजली. तो शाप लोक खरोखर मानत असत का, हे विचारणे म्हणजे शिंक आल्यावर दारात थबकणाऱ्या माणसाला त्यामागचे शास्त्र विचारण्यासारखे आहे.

वैर इतके जुने आहे, तर प्लेऑफमधील पहिली गाठ १९९९ मध्ये कशी पडली?

हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो फार थोडे लोक विचारतात. दोन्ही संघ अमेरिकन लीगचे. १९६८ पर्यंत प्रत्येक लीगमधील फक्त अव्वल संघ थेट वर्ल्ड सिरीजला जात असे, त्यामुळे एकाच लीगमधील दोन संघ ऑक्टोबरमध्ये भेटणे शक्यच नव्हते. १९६९ मध्ये लीगचे दोन विभाग झाले, परंतु हे दोघे पूर्व विभागातच राहिले आणि विभागातील एकालाच पुढे जाता येत होते. १९९५ पासून वाइल्ड कार्डची पद्धत प्रत्यक्षात आली, म्हणजे विभागात दुसऱ्या आलेल्या संघालाही दार किलकिले झाले, आणि त्यानंतर चार वर्षांनी ही जोडी प्रथमच प्लेऑफमध्ये समोरासमोर आली. ती मालिका यांकीजने ४-१ ने जिंकली.

तोवरचा सगळा राग, सगळी हळहळ नियमित हंगामातच साठत गेली. १९७८ चे उदाहरण घ्या. जुलैमध्ये यांकीज रेड सॉक्सच्या तब्बल १४ सामने मागे होते. हंगाम संपला तेव्हा दोघांचेही ९९ विजय झाले होते, म्हणून २ ऑक्टोबरला फेनवे पार्कवर एक जादा सामना खेळवावा लागला. त्यात सातव्या इनिंगमध्ये (सामना नऊ इनिंगचा असतो, प्रत्येकीत दोन्ही संघ एकदा फलंदाजी करतात, आणि बरोबरी झाली तर इनिंग वाढतात) बकी डेंट या, होम रनसाठी मुळीच प्रसिद्ध नसलेल्या खेळाडूने डाव्या बाजूच्या उंच हिरव्या भिंतीवरून चेंडू पलीकडे टाकला आणि यांकीजने सामना ५-४ ने घेतला. नियमांच्या भाषेत हा सामनाही नियमित हंगामाचाच भाग होता. बॉस्टनमध्ये डेंट यांच्या नावात आजही मध्ये एक शिवी घालून ते उच्चारले जाते. ती येथे छापण्याजोगी नाही.

२००३ आणि २००४ मध्ये असे काय घडले की लोक अजून त्याबद्दलच बोलतात?

२००३ च्या अमेरिकन लीग अंतिम मालिकेतील तिसऱ्या सामन्यात दोन्ही संघ मैदानात एकमेकांच्या अंगावर धावून गेले. त्या गोंधळात यांकीजचे ७२ वर्षांचे प्रशिक्षक डॉन झिमर बॉस्टनचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पेद्रो मार्टिनेझ याच्या दिशेने धावले आणि पेद्रोने त्यांचे डोके धरून त्यांना खाली लोटले. मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली. आठव्या इनिंगमध्ये बॉस्टन ५-२ ने पुढे होते आणि पेद्रो दमलेला दिसत होता, तरी व्यवस्थापक ग्रेडी लिटल यांनी त्याला खेळवत ठेवले. यांकीजने बरोबरी साधली, आणि अकराव्या इनिंगमध्ये त्यांच्याच आरन बूनने टिम वेकफील्डच्या पहिल्याच चेंडूवर होम रन मारून मालिका संपवली. लिटल यांचा करार पुढे वाढवण्यात आला नाही.

पुढच्या वर्षी तीच जोडी, तीच मालिका. यांकीजने पहिले तीन सामने जिंकले, त्यातला तिसरा १९-८ असा, आणि तोही बॉस्टनमध्येच. सात सामन्यांच्या मालिकेत ०-३ ने मागे पडलेल्या कोणत्याही बेसबॉल संघाने तोवर मालिका जिंकलेली नव्हती. चौथ्या सामन्याची नववी इनिंग सुरू झाली तेव्हा रेड सॉक्स ४-३ ने मागे होते आणि समोर यांकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा होता, ज्याच्या हाती शेवटची इनिंग दिली की न्यूयॉर्ककर घरी जायला निघत.

येथे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. रेड सॉक्सच्या केव्हिन मिलरला चार वाईड चेंडूंवर पहिला बेस, म्हणजे धाव पुरी करण्याच्या वाटेवरचा पहिला थांबा, मिळाला. त्याच्या जागी बदली धावपटू म्हणून डेव्ह रॉबर्ट्स आला. तो दुसरा बेस चोरण्यासाठीच, म्हणजे फटका लागण्याची वाट न पाहता तिकडे पळण्यासाठीच, आला आहे, हे मैदानातील प्रत्येकाला ठाऊक होते. रिव्हेराने त्याला रोखण्यासाठी एकदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकला, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा, आणि रॉबर्ट्स प्रत्येक वेळी परतला. रिव्हेराने फलंदाजाकडे पहिला चेंडू टाकताच तो सुटला आणि घसरत दुसऱ्या बेसवर पोहोचला. कॅचरची, म्हणजे फलंदाजामागच्या खेळाडूची, फेक अचूक होती, उशीर झाला तो डोळ्याच्या पापणीइतका. पुढे बिल म्युलरच्या फटक्यावर रॉबर्ट्सने बरोबरीची धाव घेतली. मध्यरात्र उलटून गेल्यावर बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझच्या होम रनने रेड सॉक्सने सामना जिंकला. त्याच दिवशी रात्री पाचवा सामना चौदा इनिंग आणि ५ तास ४९ मिनिटे चालला, आणि विजयी फटका पुन्हा ऑर्टिझचाच होता. सहावा सामना ४-२, सातवा १०-३, आणि तेही दोन्ही न्यूयॉर्कच्या मैदानावर. त्यानंतर सेंट लुईस कार्डिनल्सला ४-० ने हरवून रेड सॉक्सने ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते, हा मात्र निव्वळ योगायोग.

त्यानंतरच्या दिवसांत न्यू इंग्लंडमधील, म्हणजे बॉस्टनभोवतीच्या राज्यांमधील, अनेकांनी आपल्या वडिलांच्या आणि आजोबांच्या थडग्यांवर संघाच्या टोप्या आणि झेंडे नेऊन ठेवले. या चाहत्यांना समजून घ्यायचे असेल, तर मी सर्व आकडे बाजूला ठेवून एवढीच गोष्ट सांगेन.

हे चाहते एकमेकांना डिवचतात तरी कसे?

सर्वांत धारदार शस्त्र होते चार आकड्यांचे. बॉस्टनचा संघ न्यूयॉर्कला आला की स्टँडमधून ‘नाइन्टीन एटीन’ असा एकसुरी घोष सुरू होई. शिवी नाही, अपशब्द नाही, फक्त शेवटच्या विजेतेपदाचे वर्ष. २००४ नंतर हा घोष कायमचा निकामी झाला.

कधीकधी खेळाडू स्वतःच दारूगोळा पुरवतो. सप्टेंबर २००४ मध्ये यांकीजकडून पुन्हा एक सामना हरल्यावर पेद्रो मार्टिनेझने पत्रकारांसमोर खिलाडूपणे कबूल केले की यांकीज आपले बापच आहेत. पुढच्याच महिन्यात तो प्लेऑफसाठी न्यूयॉर्कला आला तेव्हा पन्नास-पंचावन्न हजार लोक ‘तुझा बाप कोण?’ असे सुरात विचारत होते. आपल्याकडे ‘बाप’ हा शब्द कुठे आणि कसा वापरला जातो हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यातील खोच वेगळी सांगायला नको.

काही प्रकार निव्वळ कल्पक असतात. यांकीजचे नवे स्टेडियम ब्रॉन्क्समध्ये बांधले जात असताना, तेथेच काम करणाऱ्या एका रेड सॉक्सप्रेमी मजुराने ऑर्टिझच्या नावाची जर्सी काँक्रीटमध्ये पुरून ठेवली, या हेतूने की वास्तूला जन्मतःच दृष्ट लागावी. बातमी फुटली. एप्रिल २००८ मध्ये यांकीजने ड्रिल मशीन लावून ते काँक्रीट फोडले आणि चिंध्या झालेली जर्सी बाहेर काढली. मग ती लिलावात काढण्यात आली आणि मिळालेले १,७५,१०० डॉलर जिमी फंड या, बॉस्टनमधील कर्करोग संशोधनाला आणि उपचारांना मदत करणाऱ्या आणि रेड सॉक्सशी अनेक दशके जोडल्या गेलेल्या निधीला देण्यात आले. पायाभरणीत बळी पुरण्याच्या कथा आपण ऐकल्या आहेत, पण येथे पुरलेले पुन्हा उकरून दानधर्म झाला.

यांकी स्टेडियममधील मैदानाच्या टोकाकडच्या बाकांवर बसणारी एक मंडळी पहिल्या इनिंगमध्ये आपल्या प्रत्येक क्षेत्ररक्षकाचे नाव, त्याने वळून हात करेपर्यंत, पुकारत राहते. शाळेतील हजेरीच ती.

प्रेक्षकाने खेळातील चेंडूला हात लावला तर काय होते?

बेसबॉलमध्ये स्टँड मैदानाला इतके खेटून असते की प्रेक्षकाचा हात नियमपुस्तकातही जाऊन बसला आहे. नियमाचा गाभा असा की प्रेक्षकाने कठड्याबाहेर, म्हणजे मैदानाच्या बाजूला वाकून झेलात अडथळा आणला तर पंच फलंदाजाला बाद देऊ शकतात, मात्र क्षेत्ररक्षकानेच स्टँडमध्ये हात घातला असेल तर ती त्याची जोखीम. सगळा वाद त्या एका वीतभर जागेचा असतो.

१९९६ मध्ये यांकीज आणि बाल्टिमोर ओरिओल्स यांच्यातील मालिकेच्या पहिल्या सामन्यात आठव्या इनिंगमध्ये डेरेक जीटरचा उंच फटका उजव्या बाजूच्या भिंतीकडे गेला. ओरिओल्सचा टोनी टारास्को भिंतीला पाठ लावून झेलासाठी उभा असताना बारा वर्षांच्या एका मुलाने ग्लोव्ह पुढे करून चेंडू स्टँडमध्ये ओढला. पंचांनी होम रन दिला, बरोबरी झाली आणि अकराव्या इनिंगमध्ये यांकीज जिंकले. नंतर चित्रफीत पाहून मुलाचा हात मध्ये आल्याचे पंचांनी मान्य केले. तोवर तो मुलगा न्यूयॉर्कचा लाडका झाला होता.

सात वर्षांनी शिकागोत नेमके उलटे घडले. १४ ऑक्टोबर २००३ रोजी शिकागो कब्ज फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्ध ३-० ने पुढे होते आणि वर्ल्ड सिरीज पाच बळींवर आली होती. सीमारेषेबाहेर, कठड्यालगत उडालेल्या एका चेंडूसाठी कब्जचा मोइसेस अलू झेपावला, आणि त्याच वेळी पुढच्या रांगेतील अनेकांनी हात वर केले. त्यातल्या एकाचा हात चेंडूला लागला. चेंडू स्टँडच्या बाजूला होता, म्हणून पंचांनी अडथळा दिला नाही, आणि तो निर्णय नियमाला धरूनच होता. त्यानंतर त्याच इनिंगमध्ये मार्लिन्सने आठ धावा केल्या. मध्ये कब्जच्या शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने, सोपा चेंडू सोडला होता, पण ते कोणाला आठवत नाही. कानाला हेडफोन लावून निमूट बसलेल्या त्या माणसावर बिअर ओतली गेली, सुरक्षारक्षकांनी त्याला चेहरा झाकून बाहेर काढले, आणि पुढे अनेक वर्षे त्याला प्रकाशझोतापासून दूर राहावे लागले. तो स्वतः कब्जचाच चाहता होता. तो चेंडू पुढे लिलावात विकत घेतला गेला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये समारंभपूर्वक स्फोटाने उडवण्यात आला. कब्ज २०१६ मध्ये १०८ वर्षांनी जिंकले, त्यानंतर संघाने त्या माणसाला विजेतेपदाची अंगठी भेट दिली. अंगठी देणे चांगलेच झाले, तरी तिला चौदा वर्षे लागली, याची नोंद घ्यायला हवी.

मुद्दाम केलेल्या हस्तक्षेपाला मात्र सहानुभूती नाही. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यात यांकी स्टेडियममध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सच्या मुकी बेट्सने झेल घेतल्यावर दोन प्रेक्षकांनी त्याचे मनगट पकडून ग्लोव्हमधून चेंडू उपसून काढला. फलंदाज बाद दिला गेला, दोघांना बाहेर काढण्यात आले आणि पुढे मेजर लीगच्या सर्वच मैदानांवर त्यांना अनिश्चित काळासाठी बंदी घालण्यात आली.

चिडवणे संपून हुल्लड कुठे सुरू होते?

ज्या क्षणी हातातील वस्तू सुटते, त्या क्षणी. १९९९ च्या मालिकेत फेनवे पार्कवर पंचांच्या निर्णयांवर संतापलेल्या प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या आणि यांकीजला काही काळ मैदान सोडावे लागले. २००४ च्या सहाव्या सामन्यात यांकीजच्या अलेक्स रॉड्रिगेझने बॉस्टनच्या पिचरच्या ग्लोव्हवर चापट मारून चेंडू पाडला. पंचांनी आपसांत चर्चा करून त्याला बाद दिले, तेव्हा न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी मैदानात वस्तूंचा वर्षाव केला, आणि शेवटची इनिंग हेल्मेट घातलेल्या दंगलनियंत्रक पोलिसांच्या रांगांच्या साक्षीने खेळली गेली. ज्यांनी १३ मार्च १९९६ रोजी ईडन गार्डन्सवरचा विश्वचषक उपांत्य सामना पाहिला आहे, त्यांनी अमेरिकन प्रेक्षकांना नावे ठेवण्याआधी क्षणभर थांबावे.

खरी किंमत पुष्कळदा स्टेडियमबाहेर मोजली जाते. २००४ मध्ये यांकीजवरील विजयानंतर फेनवे परिसरात जमलेल्या गर्दीला पांगवताना पोलिसांनी झाडलेल्या तिखटाच्या गोळीने २१ वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. तिने काहीही केलेले नव्हते. २०११ च्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी लॉस एंजेलिसमधील डॉजर स्टेडियमच्या वाहनतळावर सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या एका चाहत्याला इतकी मारहाण झाली की त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. तो तर प्लेऑफचा सामनाही नव्हता.

मद्यविक्री सातव्या इनिंगनंतर बंद करण्याची प्रथा याच काळजीतून आली. २०२३ मध्ये पिच क्लॉकमुळे, म्हणजे चेंडू टाकायला ठरावीक सेकंद देणाऱ्या घड्याळामुळे, सामने लवकर संपू लागले, तेव्हा काही संघांनी ही विक्री आठव्या इनिंगपर्यंत वाढवली. सामना लहान झाल्यावर पिण्याला वेळ वाढवून देण्यामागचा तर्क व्यापाऱ्यालाच कळावा.

प्रतिस्पर्ध्याची टोपी घालून मैदानात गेले तर चालते का?

चालते, आणि हजारो लोक जातात. टोमणे ऐकावे लागतील, त्यांना हसून उत्तर द्यावे. मात्र प्लेऑफच्या रात्री सामना संपल्यावर वाहनतळात रेंगाळू नये, आणि सोबत लहान मूल असेल तर नवव्या इनिंगची वाट न पाहता निघावे. कनेक्टिकटमध्ये राहणाऱ्यांना हा प्रश्न रोजचाच असतो, कारण दोन्ही संघांच्या चाहत्यांमधील सीमारेषा त्याच राज्यातून, पुष्कळदा एकाच घराच्या जेवणाच्या टेबलावरून जाते.

अशा आणखी जोड्या आहेत का?

डॉजर्स आणि जायंट्स. दोघेही मूळ न्यूयॉर्कचे, आणि १९५८ च्या हंगामापासून दोघेही कॅलिफोर्नियात. वैर सामानाबरोबर बांधून नेले असे म्हणावे लागते. प्लेऑफमध्ये ते प्रथम भेटले ते २०२१ मध्ये. जायंट्सचे १०७ विजय, डॉजर्सचे १०६, आणि मालिका पाचव्या सामन्यात २-१ अशी डॉजर्सकडे गेली. कब्ज आणि कार्डिनल्स हे जुने शेजारीही प्लेऑफमध्ये २०१५ मध्येच प्रथम भेटले.

भारतातून सामने केव्हा दिसतात?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री आठला सुरू होणारा सामना ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. चहाबरोबर पाहता येतो, फक्त तो ऑफिसच्या वेळेआधी संपेल याची हमी कोणी देत नाही.

२००४ नंतर या वैराची धार बोथट झाली का?

काहीशी झाली. रेड सॉक्सने त्यानंतर २००७, २०१३ आणि २०१८ मध्येही वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि सतत जिंकणाऱ्या माणसाला दुःखाचा अभिमान मिरवता येत नाही. २०२३ पासून एका विभागातील संघ एकमेकांशी हंगामात १९ ऐवजी १३ सामनेच खेळतात, त्यामुळे रोजची धुसफूसही कमी झाली. तरी २०१८ मध्ये रेड सॉक्सने न्यूयॉर्कमध्ये १६-१ असा सामना जिंकला, २०२१ मध्ये वाइल्ड कार्डच्या एकमेव सामन्यात यांकीजला घरी पाठवले, आणि २०२५ मध्ये यांकीजने तीन सामन्यांच्या मालिकेत परतफेड केली. त्या निर्णायक सामन्यात बारा फलंदाजांना स्ट्राइकआउट करणारा, म्हणजे चेंडू खेळता न आल्याने बाद करणारा, यांकीजचा पिचर कॅम श्लिटलर बॉस्टनजवळच्या वॉलपोल गावात वाढलेला आहे. त्याच्या गावातील टपरीवर दुसऱ्या दिवशी काय बोलणे झाले असेल, याचा अंदाज कोणीही करावा.

शत्रुसंघाच्या खेळाडूला कधी टाळ्या मिळतात का?

मिळतात. १५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी यांकी स्टेडियममध्ये फेनवे पार्कचे आवडते गाणे वाजवण्यात आले आणि यांकीजचे चाहते ते गायले.

दुसरा प्रसंग ११ एप्रिल २००५ चा. फेनवे पार्कवर हंगामाचा पहिला सामना होता, विजेतेपदाच्या अंगठ्या वाटल्या जाणार होत्या आणि पाहुणा संघ होता यांकीजचा. पाहुण्यांची नावे पुकारली जात होती आणि प्रत्येकाच्या नावाला रीतसर हुर्यो मिळत होती. मारियानो रिव्हेराचे नाव आले, आणि सगळे स्टेडियम उभे राहून टाळ्या वाजवू लागले. सहा महिन्यांपूर्वी चौथा सामना त्याच्याच हातून निसटला होता, त्याचे हे आभारप्रदर्शन होते. रिव्हेराला ते क्षणात कळले. तो खळखळून हसला आणि टोपी काढून त्याने सर्वांना अभिवादन केले.